मातीच्या छिद्रांचे आलेख एकावर एक ठेवून कसे वाचावेत

जमिनीची परीक्षा म्हटली म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, सामू आणि क्षार यांचाच विचार बहुधा केला जातो. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबींची नोंद असते. त्या बाराही मातीच्या रासायनिक गुणांविषयी आहेत. परंतु चांगल्या मातीचे जवळजवळ निम्मे आकारमान कणांचे नसून पोकळीचे असते. या पोकळीतूनच पाणी खाली उतरते, तिच्यातच ते साठते, तिच्यातून हवा खेळते व मूळ पुढे सरकते. पत्रिका उत्तम आणि पीक मात्र खुंटलेले, असे जेथे दिसते तेथे दोष पुष्कळदा या पोकळीत असतो.

खानदेशातील बागायतदारास हे दृश्य अपरिचित नाही. एकाच गट क्रमांकातील केळी, एकच जात, एकच खत, एकच ठिबक. तरी ट्रॅक्टर वळविण्याच्या बाजूची झाडे पिवळट राहतात आणि मधली झाडे तरारून येतात. दोन्ही ठिकाणची माती प्रयोगशाळेत पाठविली तर दोन्हींची जलधारणाशक्ती एकच येऊ शकते. अशा वेळी दोन्ही मातींतील छिद्रांची वाटणी काढून त्यांचे आलेख एकावर एक ठेवले, तर जे एका आकड्यात दडलेले असते ते उघड होते. मात्र आलेख एकावर एक ठेवण्याचे काही नियम आहेत. ते न पाळल्यास तेच आलेख दिशाभूल करतात. या लेखात त्या नियमांचा विचार केला आहे.

छिद्राचा आकार कसा मोजतात

मातीतील छिद्र डोळ्यांनी मोजता येत नाही. ते पाण्याकरवी मोजावयाचे असते. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने मातीच्या बारीक छिद्रात पाणी धरून ठेवले जाते. छिद्र जितके अरुंद, तितकी त्याची पाण्यावरील पकड घट्ट. म्हणून पूर्ण भिजलेल्या मातीला हळूहळू अधिक ओढ लावीत गेल्यास प्रथम मोठी छिद्रे रिकामी होतात, मग मध्यम आणि शेवटी बारीक. किती ओढीला किती पाणी निघाले हे वजनावरून कळते, आणि ओढीवरून छिद्राचा आकार काढता येतो. त्याचे सोपे गणित असे: पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजलेल्या ओढीने ३,००० या आकड्यास भागावे, येणारा भागाकार म्हणजे छिद्राचा व्यास, मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो.

उदाहरणार्थ, १०० सेंटिमीटर ओढीला ३० मायक्रॉनपर्यंतची छिद्रे रिकामी होतात. जमीन वाफशावर येते तेव्हाची ओढ एकतृतीयांश बार, म्हणजे सुमारे ३४० सेंटिमीटर धरतात; तेथे हा आकार ९ मायक्रॉनच्या आसपास येतो. पीक कायमचे कोमेजते ती ओढ १५ बार, म्हणजे सुमारे १५,००० सेंटिमीटर. तेथे छिद्र केवळ ०.२ मायक्रॉनचे राहते. त्याहून बारीक छिद्रांतील पाणी मातीत असूनही पिकाच्या उपयोगाचे नसते. पिकांच्या बारीक मुळांची टोकेसुद्धा शंभर मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून जाड असतात, आणि मुळांवरील केसतंतू सुमारे दहा मायक्रॉनचे. मोठ्या छिद्रांविना मूळ का अडते हे यावरून ध्यानात येईल.

येथे एक गोष्ट जाणून असावी. तांब्याचे पोट मोठे व तोंड लहान असते, तशीच मातीतील कित्येक छिद्रे असतात. माती सुकत असताना अशा छिद्रातील पाणी त्याच्या तोंडाच्या आकाराप्रमाणे निघते, पोटाच्या आकाराप्रमाणे नव्हे. माती भिजत असताना मात्र पोटाचा आकार आडवा येतो. त्यामुळे एकाच मातीचे सुकतानाचे व भिजतानाचे आलेख एकमेकांशी जुळत नाहीत. एका मातीचा सुकतानाचा आलेख दुसरीच्या भिजतानाच्या आलेखावर ठेवणे म्हणजे तोंडाची तुलना पोटाशी करणे होय.

नमुना घेताना

या कामासाठी खुरप्याने उकरून पिशवीत भरलेली माती चालत नाही, कारण उकरताच छिद्रे मोडतात. पाच सेंटिमीटर व्यासाची व तितक्याच उंचीची पोलादी कडी जमिनीत सरळ दाबून अखंड नमुना काढावा. अशा कडीत सुमारे ९८ घनसेंटिमीटर माती बसते. जमीन वाफशावर असताना नमुना घ्यावा. कोरड्या जमिनीत कडी ठोकल्यास माती तडकते आणि ओल्या जमिनीत दाबली जाते. दोन जागांची तुलना करावयाची तर दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच खोलीवरून घेतले पाहिजेत. तळथराचा संशय असल्यास ही खोली नांगराच्या तासाच्या खाली, म्हणजे साधारण १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान असावी. प्रत्येक जागेवरून किमान तीन, शक्य तर पाच कड्या घ्याव्यात. एकाच कडीवर विसंबू नये. तिच्यात गांडुळाचे एखादे बीळ आले तरी सारा आलेख बदलतो. कड्यांना दोन्ही बाजूंनी झाकणे लावून त्या धक्का न लागेल अशा रीतीने न्याव्यात. मोटारसायकलच्या मागे बांधून खडबडीत रस्त्याने नेलेला नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दुसराच झालेला असतो.

शंभर सेंटिमीटरपर्यंतची ओढ सच्छिद्र तबकडीच्या नरसाळ्याला रबरी नळी जोडून, ती नळी खाली सोडून लावता येते. त्यापुढील ओढीसाठी दाबपात्र लागते. हे काम नेहमीच्या माती परीक्षण केंद्रातील नव्हे. कृषी महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या मृदशास्त्र विभागाकडे त्याची चौकशी करावी. १५ बारच्या ओढीसाठी अखंड नमुन्याऐवजी चाळलेली माती वापरण्याची प्रथा आहे. इतक्या बारीक छिद्रांवर ढेकळांच्या रचनेचा परिणाम थोडा असल्याने ती प्रथा योग्य आहे, परंतु दोन्ही नमुन्यांना तीच रीत लावलेली असावी.

एक उदाहरण

पुढील आकडे केवळ गणित समजावे म्हणून घेतलेले आहेत. ते कोणत्याही एका शेताचे नव्हेत. तापीकाठच्या मळईची मध्यम काळी जमीन असून एक नमुना झाडांच्या ओळीतील व दुसरा ट्रॅक्टरच्या चाकाखालील आहे असे मानू. ओळीतील मातीची स्थूल घनता दर घनसेंटिमीटरला १.२० ग्रॅम व चाकाखालील १.४५ ग्रॅम आहे. मातीच्या कणांची घनता २.६५ धरतात. त्यावरून एकूण पोकळी ओळीत शेकडा ५५ व चाकाखाली शेकडा ४५ येते. छिद्रांची वाटणी, मातीच्या आकारमानाच्या शेकडा प्रमाणात, अशी:

३०० मायक्रॉनपेक्षा मोठी: ओळीत ३, चाकाखाली १
३०० ते ६० मायक्रॉन: ओळीत ६, चाकाखाली २
६० ते ३० मायक्रॉन: ओळीत ३, चाकाखाली १
३० ते ९ मायक्रॉन: ओळीत ५, चाकाखाली ३
९ ते ३ मायक्रॉन: ओळीत ४, चाकाखाली २
३ ते ०.२ मायक्रॉन: ओळीत १२, चाकाखाली १०
०.२ मायक्रॉनपेक्षा लहान: ओळीत २२, चाकाखाली २६

आता ९ मायक्रॉनपेक्षा लहान सर्व छिद्रांची बेरीज करावी. ओळीत ४, १२ व २२ मिळून ३८. चाकाखाली २, १० व २६ मिळून तेही ३८. म्हणजे वाफशावर दोन्ही मातींत पाणी सारखेच, शेकडा ३८. केवळ जलधारणाशक्तीचा आकडा मागविणारा कार्यकर्ता दोन्ही जागा एकसारख्या समजून एकच पाणी सुचवील.

परंतु वाफशावर हवेसाठी काय उरते ते पाहावे. ओळीत ५५ मधून ३८ गेले, १७ उरले. चाकाखाली ४५ मधून ३८ गेले, केवळ ७ उरले. हवेची पोकळी शेकडा १० च्या खाली गेली की बहुतेक पिकांच्या मुळांचा कोंडमारा होऊ लागतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. शिवाय पिकाला घेता येणारे पाणी, म्हणजे ९ ते ०.२ मायक्रॉनमधील, ओळीत १६ व चाकाखाली १२ आहे. वरच्या ३० सेंटिमीटर थरात हे अनुक्रमे ४८ व ३६ मिलिमीटर भरते. चाकाखालच्या मातीत पाणी तितकेच दिसते खरे, पण त्यातील मोठा भाग पिकाच्या हाती न लागणारा आहे.

दोन रेघा एका कागदावर

हे आकडे आलेखावर मांडताना आडव्या अक्षावर छिद्राचा व्यास घ्यावा. तो दसपटीने चढणाऱ्या मापपट्टीवर घ्यावा लागतो: ०.१, १, १०, १००, १,००० हे अंक समान अंतरावर. साध्या मापपट्टीवर ३०० मायक्रॉन मावतील एवढा कागद घेतला, तर ०.२ ते ९ मायक्रॉनची सारी छिद्रे, म्हणजे पिकाचे सर्व पाणी, डाव्या कडेच्या बोटभर जागेत चेंगरून जाईल. असा छापील कागद पेठेत मिळतो. त्यास अर्धलघुगणकी कागद म्हणतात.

प्रथम बेरजेचा आलेख काढावा. उभ्या अक्षावर त्या आकारापर्यंतच्या सर्व छिद्रांची बेरीज असते. ओळीतील मातीची रेघ ०.२ वर २२ पासून निघून ३ वर ३४, ९ वर ३८, ३० वर ४३, ६० वर ४६, ३०० वर ५२ अशी चढते. चाकाखालची २६, ३६, ३८, ४१, ४२ व ४४ अशी जाते. दुसरा आलेख पारदर्शक कागदावर काढून पहिल्यावर ठेवावा व खिडकीच्या काचेवर धरून पाहावा. दोन्ही कागदांवरील ०.२ व ३०० या खुणा एकमेकींवर नेमक्या बसल्या पाहिजेत. दोन रेघा ९ मायक्रॉनवर एकमेकींना छेदतात. त्या छेदाच्या डावीकडे चाकाखालची रेघ वर व उजवीकडे ती खाली राहते. हा छेद हेच सर्वांत सांगण्यासारखे आहे. ज्या ठिकाणी रेघा एकमेकींना छेदतात, नेमक्या त्या ओढीवर परीक्षा केली तर दोन भिन्न माती एकच भासतात.

बेरजेचा आलेख खात्रीचा खरा, पण कोणत्या आकाराची छिद्रे नाहीशी झाली ते त्याच्या चढावरून ओळखावे लागते. त्यासाठी वाटणीचा आलेख काढतात, आणि येथेच बहुतेक चुका होतात. वरील तक्त्यातील वाटे तसेच्या तसे खांबांप्रमाणे उभे केले, तर ओळीतील मातीत ३ ते ०.२ मायक्रॉनचा खांब १२ उंचीचा आणि ६० ते ३० चा केवळ ३ उंचीचा दिसेल. पाहणाऱ्याची समजूत होईल की मध्यम-मोठी छिद्रे फारच थोडी आहेत. वस्तुस्थिती अशी की पहिला गट पंधरा पटींचा आणि दुसरा दोनच पटींचा आहे. रुंद गटात वाटा मोठा येणारच. दोन एकरांचे व पंधरा एकरांचे उत्पन्न एकरी न काढता शेजारी मांडण्यासारखे ते झाले.

म्हणून प्रत्येक वाटा त्या गटाच्या रुंदीने भागावा. दसपटीच्या मापपट्टीवर पाच पटींची रुंदी ०.७०, दोन पटींची ०.३०, साडेतीन पटींहून किंचित कमी अशा ३० ते ९ ची ०.५२, तीन पटींची ०.४८ व पंधरा पटींची १.१८ असते. भागल्यावर ओळीतील माती मोठ्या छिद्रांकडून लहानांकडे ८.६, १०, ९.६, ८.३ व १०.२ अशी, म्हणजे जवळजवळ सपाट येते; त्या मातीत सर्व आकारांची छिद्रे आहेत. चाकाखालची २.९, ३.३, ५.८, ४.२ व ८.५ अशी येते. दोन्ही एकावर एक ठेवल्यास बारीक छिद्रांच्या बाजूस अंतर थोडे आणि ३० मायक्रॉनच्या पलीकडे चाकाखालची रेघ एकतृतीयांशावर आलेली दिसते. चाकाने मोठी छिद्रे मोडली, बारीक छिद्रांना फारसा धक्का लावला नाही, हे एका नजरेत कळते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान गटांना दुसरी सीमा नसल्यामुळे ते या आलेखात घेता येत नाहीत. ते तक्त्यातच वाचावेत.

आकारमान की वजन

तक्त्यात ०.२ मायक्रॉनहून लहान छिद्रे ओळीत २२ व चाकाखाली २६ आहेत. चाकाने बारीक छिद्रे वाढविली काय? तसे नव्हे. तेच पाणी शंभर ग्रॅम कोरड्या मातीमागे मोजल्यास ओळीत २२ भागिले १.२०, म्हणजे १८.३ ग्रॅम आणि चाकाखाली २६ भागिले १.४५, म्हणजे १७.९ ग्रॅम येते. हे आकडे जवळजवळ एकच आहेत. चिकण कण तेवढेच आहेत. दाबल्यामुळे ते कमी जागेत आले, इतकेच. उलट वाफशावरील पाणी वजनावर मोजले तर ओळीत ३१.७ व चाकाखाली २६.२ असे भिन्न येते.

यावरून कोणते माप खरे व कोणते खोटे असे ठरवू नये. मुळे जागेत वाढतात व पाणी मिलिमीटरमध्ये दिले जाते. म्हणून पाण्याचा व हवेचा प्रश्न असेल तेथे आकारमानाचे माप घ्यावे. माती मुळात एकाच जातीची आहे की नाही हे पाहावयाचे असेल तेथे वजनाचे माप अधिक उपयोगी पडते. प्रयोगशाळेचे दाखले बहुधा वजनावर असतात. एक दाखला वजनावर व दुसरा आकारमानावर असताना त्यांचे आलेख एकावर एक ठेवल्यास निघणारा निष्कर्ष निरर्थक ठरतो. म्हणून प्रत्येक दाखल्याबरोबर स्थूल घनतेचा आकडा मागून घ्यावा. तो नसेल तर तो दाखला तुलनेसाठी वापरू नये.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी

हल्ली आलेख संगणकावर काढले जातात व एकावर एक टाकणे क्षणाचे काम झाले आहे. त्यामुळे नियम सुटत नाहीत, उलट ते नजरेआड होतात. संगणक दुसऱ्या रेघेसाठी उजव्या बाजूस स्वतंत्र अक्ष उघडू शकतो. मग १० उंचीची व ३ उंचीची शिखरे एकाच पातळीवर दिसू लागतात. काही आज्ञावलींत प्रत्येक रेघेचे उच्चतम मूल्य शंभर धरून आलेख काढण्याची सोय असते. आकार कोठे सरकला हे पाहण्यास ती चांगली. किती छिद्रे नष्ट झाली हे पाहण्यास ती निरुपयोगी, कारण तिच्यात एकूण पोकळीच पुसली जाते. तिसरी गोष्ट रेघ गुळगुळीत करण्याची. सात मोजणींतून संगणक शंभर बिंदूंची डौलदार रेघ काढून देतो व तिच्यात कधी असे शिखर उमटते की जेथे मोजणीच झालेली नसते. मोजलेले बिंदू आलेखावर ठिपक्यांनी दाखविलेले असावेत, आणि दोन ठिपक्यांच्या मधल्या वळणावर भरवसा ठेवू नये. पाच कड्यांच्या सरासरीबरोबर त्या कड्यांमधील कमीअधिकपणाही दाखवावा. दोन जागांमधील अंतर त्या कमीअधिकपणाहून लहान असेल, तर ते अंतर मानू नये.

भारी काळ्या जमिनीची गोष्ट निराळी

आतापर्यंतचे गणित माती आपले आकारमान बदलीत नाही असे गृहीत धरून केलेले आहे. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील भारी काळी जमीन या गृहीताला जुमानीत नाही. तिच्यातील माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाण्याने फुगते व सुकताना आकसते. वैशाखातील भेगांत हात सहज जातो. अशा मातीला ओढ लावली असता पाणी निघते, परंतु त्याच्या जागी हवा शिरण्याऐवजी माती स्वतःच आवळते. निघालेले पाणी छिद्र रिकामे झाल्याचे चिन्ह न राहता मातीचे अंग आकसल्याचे चिन्ह ठरते. ३,००० ला ओढीने भागून काढलेला व्यास तेथे नावापुरताच उरतो.

यासाठी प्रत्येक ओढीवर वजनाबरोबर नमुन्याची उंची व व्यासही मोजावा. कडीच्या आत माती कडेपासून सुटलेली दिसली की आकसणे सुरू झाले असे समजावे. भारी जमिनीचा आलेख हलक्या जमिनीच्या आलेखावर ठेवताना वाफशापर्यंतचा, म्हणजे ९ मायक्रॉनहून मोठ्या छिद्रांचा भाग त्यातल्या त्यात भरवशाचा असतो; त्याखालील भाग छिद्रांचा आकार म्हणून न वाचता केवळ पाण्याचा हिशेब म्हणून वाचावा. भेगांची पोकळी तर कडीत येतच नाही. जूनच्या पहिल्या पावसाचे पाणी याच भेगांतून खाली जाते, आणि भेगा मिटल्यावर तीच जमीन पाणी घेईनाशी होते. उन्हाळ्यातील व श्रावणातील आलेख म्हणूनच एकमेकांवर ठेवू नयेत.

दोन जिल्ह्यांतील दोन टोके

खानदेशात थोड्या अंतरात जमिनीचे किती प्रकार भेटतात याची जाणीव येथील शेतकऱ्यास आहेच. रावेर, यावल व चोपडा तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे व भरड वाळू, तर दक्षिणेस तापीकडे उतरत गेल्यावर खोल मळई. धुळे जिल्ह्यात साक्रीच्या बाजूस डोंगरउतारावर काळ्या खडकावरची उथळ मुरमाड जमीन आणि नदीकाठी चांगली काळी.

मुरमाड व खोल काळ्या जमिनीचे आलेख एकावर एक ठेवले असता रेघांचे स्वरूप चाकाच्या उदाहरणाहून वेगळे दिसते. मुरमाड जमिनीत ३० मायक्रॉनहून मोठी छिद्रे विपुल, ०.२ हून बारीक थोडी. तिच्यात पाणी झटकन उतरते व फारसे थांबत नाही. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशा जमिनीतील खडे चाळून काढल्यावर उरलेल्या मातीचा आलेख बरा दिसतो. पण शेतात खडे असतात व त्यांच्यात पाणी फारसे मावत नाही. आकारमानाने शेकडा ४० खडे असतील तर शेताच्या हिशेबात मातीचा प्रत्येक वाटा शेकडा ६० वर आणावा. शिवाय आलेख मातीची खोली सांगत नाही. तीस सेंटिमीटर खोल जमिनीची व शंभर सेंटिमीटर खोल जमिनीची रेघ एकच आली तरी पाण्याची कोठी तिपटीहून भिन्न आहे.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी चालत आलेल्या फड पद्धतीत एका फडात एकच पीक घेऊन पाटकऱ्याच्या देखरेखीखाली पाळीने पाणी देण्याची रीत आहे. पाळी सर्वांना सारखी असली तरी फडातील माती सर्वत्र सारखी असतेच असे नाही. वरील उदाहरणाचा हिशेब तेथे असा लागू पडतो. उपलब्ध पाण्यापैकी निम्मे संपले की पाणी द्यावे व पीक रोज ६ मिलिमीटर पाणी घेते असे धरले, तर ४८ मिलिमीटर धरणाऱ्या जमिनीस चौथ्या दिवशी व ३६ मिलिमीटर धरणाऱ्या जमिनीस तिसऱ्या दिवशी पाणी लागते. मुळे तीस सेंटिमीटरच्या खाली गेली की हे दिवस वाढतात. प्रमाण मात्र तेच राहते. पाळी लांबवून एकदम जास्त पाणी सोडल्यास दाबलेल्या जमिनीचे नुकसान दुहेरी होते. वाफशावर तिच्यात हवेची पोकळी ३० सेंटिमीटर थरात २१ मिलिमीटर एवढीच असते. खाली निचरा नसेल तर २१ मिलिमीटरची एक सर तिला तुडुंब भरते. ओळीतील मातीस तेवढ्यासाठी ५१ मिलिमीटर लागतात. ठिबकाने रोज पाणी देणाऱ्यास दिवसांचा हिशेब लागू नसला तरी हा २१ मिलिमीटरचा हिशेब लागू आहे, विशेषतः श्रावण-भाद्रपदात.

प्रयोगशाळा दूर असेल तर

सात ओढींची परीक्षा प्रत्येक गावी शक्य नाही. तीन वजनांवरही पुष्कळ कळते. अखंड नमुन्याची कडी एका तोंडाला कापड बांधून उथळ पाण्यात चोवीस तास ठेवावी व भिजल्यावर वजन करावे. नंतर वाळूने भरलेल्या ओलसर परातीवर झाकून दोन दिवस निथळत ठेवून पुन्हा वजन करावे. शेवटी १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवून तिसरे वजन घ्यावे. पहिल्या दोन वजनांतील फरक म्हणजे मोठ्या छिद्रांतील पाणी, दुसऱ्या व तिसऱ्यांतील फरक म्हणजे उरलेले. कोरड्या वजनास कडीच्या आकारमानाने भागले की स्थूल घनता मिळते. परातीवरील ओढ नक्की किती हे ठरविता येत नाही, म्हणून या आकड्यांना मायक्रॉनची नावे देऊ नयेत आणि दाबपात्राच्या आलेखावर ते बसवू नयेत. परंतु एकाच परातीवर, एकाच वेळी ठेवलेल्या ओळीतील व चाकाखालील कड्यांची आपसांत तुलना करण्यास ही रीत पुरेशी आहे.

आलेखावरून पुढे काय करावे

दोन रेघांमधील अंतर केवळ ३० मायक्रॉनच्या पलीकडे असेल व ते १५ ते २५ सेंटिमीटरच्या थरातच आढळत असेल, तर तो दाबलेला तळथर होय. उन्हाळ्यात जमीन पूर्ण कोरडी असताना खोल फाळाने तो फोडावा. ओल्या जमिनीत हे काम केल्यास फाळाच्या बाजूंची माती आणखी लिंपली जाते. त्यानंतर ट्रॅक्टरचा मार्ग कायमचा ठरवून द्यावा, अन्यथा पहिल्याच हंगामात चाके तो थर पुन्हा घडवितात. अंतर वरच्या थरापासून खालपर्यंत सर्वत्र असून सामू ८.५ च्या वर असेल, तर चाकाला दोष देण्यापूर्वी जमीन चोपण झाली आहे काय हे तपासावे. चोपण जमिनीत सोडियममुळे कण विखुरतात व मोठी छिद्रे आतून बुजतात. तेथे नांगराचा उपयोग थोडा. जिप्सम व निचरा यांची योजना परीक्षेच्या आकड्यांवरूनच करावी. तागाचे किंवा धैंच्याचे हिरवळीचे खत आणि केळीचे अवशेष कुजवून परत देणे दोन्ही परिस्थितींत हितकारक असते, मात्र त्याचा परिणाम आलेखावर दिसण्यास काही हंगाम जावे लागतात.

उपाय केल्यावर तिसरी रेघ काढावी. नमुने पूर्वीच्याच जागेवरून, त्याच खोलीवरून, वर्षाच्या त्याच सुमारास आणि त्याच ओलीवर घ्यावेत. पहिल्या दोन कागदांवर नमुन्याची तारीख, खोली, स्थूल घनता, मोजणीची दिशा व माप वजनाचे की आकारमानाचे हे लिहून ठेवलेले नसेल, तर तिसरी रेघ कशावर ठेवावी हाच प्रश्न पडतो. म्हणून ही नोंद आलेखाच्या उजव्या कोपऱ्यात, रेघ काढण्याच्या आधीच करावी.